आई, एक तारखेला तू जा

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

नागपूरला सुखरूप पोचले. धपाटे बडनेऱ्यापर्यंत पुरले. बाबा, डोळ्यांतले थेंब वेळच्या वेळी घालताय ना? आणि एवढ्यात पेपर वाचायला बसू नका, आईकडून वाचून घ्या.

हे फोनवरही बोलता आलं असतं. पण पैशांचा विषय निघाला की आई "बरं, बघू" म्हणते आणि गाडी भाजीवर नेते. म्हणून लिहितेय. दोघांनी एकत्र बसून वाचा.

मी आले त्या संध्याकाळी आईने माझ्या हातात पाचशेची नोट ठेवली आणि म्हणाली, समोरच्या काकूंना देऊन ये. मला वाटलं भिशीचे असतील. ते उसने होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यामुळे बाबा घरात, डब्यातली रोख संपलेली, आणि पेन्शन खात्यात येऊन पडलेली. एटीएम आपल्या दारापासून चार मिनिटांवर, गोखले रोडला. तरी आईला हात पसरावा लागला. आई, त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी कपाटात तुझं एटीएम कार्ड सापडलं. पैठणीच्या खाली, बँकेच्या पाकिटात, पाकीटही न फोडलेलं. बाबा म्हणाले, "तिला कशाला ताप? मी आहे ना." बाबा, तुम्ही हे मायेनेच म्हणता. एक तारखेला पैसे काढून स्वयंपाकघरातल्या डब्यात ठेवायचे हा तुमचा नेम मी लहानपणापासून बघतेय. पण त्या मायेपोटीच आईला आपल्याच खात्याची वाट माहीत नाही. पासबुकावर दोघांची नावं आहेत, आणि पुढे लिहिलंय "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती". त्यातले "दोघांपैकी कोणीही" हे शब्द मला आत्ता खरे झालेले हवेत, तुम्ही दोघं धडधाकट असताना.

बाबा, तुम्हाला आठवतं, मला बँकेत घेऊन जायचात? तुम्ही स्लिप भरायचात, खिडकीतून पितळेचं टोकन मिळायचं आणि ते तुम्ही माझ्या मुठीत द्यायचात. नंबर पुकारेपर्यंत ते गरम व्हायचं. मी ते घट्ट धरून ठेवायचे, कारण तुम्ही सांगितलं होतं, हे हरवलं तर पैसे मिळणार नाहीत. इतक्या लहान पोरीवर तुम्ही तेव्हा विश्वास टाकलात. आईवर टाकायला एवढी वर्षं का लागावीत?

लंडनजवळ एनफिल्डला २७ जून १९६७ रोजी पहिलं एटीएम मशीन लागलं. ते ज्यांच्या कल्पनेतून आलं ते जॉन शेफर्ड-बॅरन जन्माने आपल्या शिलाँगचे. त्यांनीच सांगितलेली आठवण आहे, की गुप्त आकडा, म्हणजे पिन, सहा अंकी ठेवायचा विचार होता, पण स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बायको म्हणाली, माझ्या चारच अंक लक्षात राहतील. म्हणून चार. आई, म्हणजे तो आकडा एका गृहिणीच्या मापाने बेतलाय. आणि तुला तर नात्यातल्या सगळ्यांच्या तिथी पाठ आहेत.

आपण दोघी पहिल्यांदा एटीएमवर गेलो तेव्हा तू पदराला हात पुसत आत शिरलीस. ते मला फार लागलं, जशी परक्याच्या घरात शिरतेयस. नवा पिन करायला ओटीपी लागला, तो बाबांच्या फोनवर घरी गेला, मग बाबांनी फोन करून आकडे सांगितले. तेवढ्यात वेळ संपली आणि पुन्हा पहिल्यापासून. बाबा, शाखेत जाल तेव्हा आईचाही मोबाईल नंबर खात्याला जोडता येईल का ते विचारा. तुमच्या बँकेत दहा हजार किंवा त्याहून जास्त काढायचे तरी ओटीपी येतोच. तोवर आईने बाबांचा फोन बरोबर न्यायचा.

पडद्यावर "मराठी" आल्यावर तुझा चेहरा बदलला, आई. "अगं, हे तर वाचता येतंय," म्हणालीस. पिन दाबताना तू डावा हात वर धरलास, देवाच्या दिव्याला वारा लागू नये म्हणून धरतेस तसा. अगदी तसाच धरत जा. नोटा मोजल्याची खडखड झाली, झडप उघडली, आणि तू नोटा घ्यायच्या सोडून माझ्याकडे बघितलंस. नोटा लगेच उचलायच्या, कार्ड घ्यायचं, आणि पडद्यावर पुन्हा स्वागताचा मजकूर दिसेपर्यंत जागचं हलायचं नाही. मागच्याने घाई केली तरी.

त्या मागच्याबद्दलच सांगायचंय. "काकू, मी काढून देऊ का?" म्हणणारा तो मुलगा चांगल्या घरचा असेल, मी त्याला नावं ठेवत नाही. पण कार्डांची अदलाबदल अशाच मदतीतून होते. मदत करताना पिन बघायचा, आणि परत देताना तसंच दिसणारं दुसरं कार्ड हातात ठेवायचं. घरी येईपर्यंत कळत नाही. तेव्हा कार्ड कुणाच्याही हातात द्यायचं नाही, अडलं तर लाल बटण दाबून कार्ड घेऊन घरी यायचं. तुझा पिन मलाही सांगू नकोस आणि बाबांनाही नको.

आणि समजा कधी फसवणूक झालीच, तर रडत बसायचं नाही, लपवायचं तर त्याहून नाही. कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करून कार्ड बंद करायचं, मग १९३० वर तक्रार. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम असा आहे, की आपल्या चुकीने पिन दुसऱ्याला कळला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून लाजेपायी एक तास जरी गप्प बसलो तरी तो तास महागात पडतो. माझी बोलणी खावी लागतील असं मनात आणू नका. मी एक शब्द बोलणार नाही.

आता दुसऱ्या खेपेचं. तो दिवस तुझ्या मनातून अजून गेला नसणार. तीन हजार टाकले, आत खडखड झाली, झडप काही उघडली नाही, पडद्यावर "व्यवहार पूर्ण होऊ शकला नाही", आणि पिशवीतल्या बाबांच्या फोनवर पैसे गेल्याचा मेसेज. तुझे हात गार पडले होते. पावतीही आली नाही. मी तुझ्या भाजीच्या यादीमागे वेळ, रक्कम आणि मशीनवर लिहिलेला क्रमांक उतरवला. शाखेत म्हणाले, येतील, थांबा. यापलीकडे कुणी काही सांगितलं नाही, ते मला अजून खटकतं. वयस्कर माणसाला दोन वाक्यं नीट सांगायला कितीसा वेळ लागतो? घरी येऊन तू म्हणालीस, "म्हणूनच मी जात नव्हते."

आई, जे त्यांनी सांगायला हवं होतं ते मी सांगते. नोटा न येता खात्यातून रक्कम गेली तर बँकेने ती पाच दिवसांत आपणहून परत जमा करायची, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा आदेश आहे. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. तक्रारीचा नंबर मात्र घेऊन ठेवायचा, आपण घेतला होता तसा. तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, १४४४८ वर फोन करून सगळं विचारता येतं. आपले तीन हजार चौथ्या दिवशी आले. पासबुक छापून आणलं तेव्हा ती ओळ तूच बोटाने शोधून बाबांना दाखवलीस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले.

थोडं किरकोळ. आपल्याच बँकेच्या एटीएमवर जा. तिथे महिन्याला किमान पाच व्यवहार फुकट असतात, आणि नुसती शिल्लक बघितली तरी तो व्यवहार बँक त्यात धरू शकते. नंतर प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत आणि वर कर लागतो, मे २०२५ पासून. जांभळी नाक्याला पाचशेची नोट दाखवली की भाजीवाल्या कुरकुरतात, म्हणून दोन हजारऐवजी एकोणीसशे टाकून बघ, सुट्ट्या नोटा असतील तर येतील. रात्री नको, सकाळी दहानंतर जा, रस्त्यावर वर्दळ असते. आणि ज्या कार्डाने कधी ऑनलाइन खरेदी केलेली नाही त्यावर ती सोय मुळात बंदच असते, तेव्हा "कुणीतरी परस्पर काही घेईल" ही तुझी धास्ती सोड.

बाबा, सत्तरी ओलांडलेल्यांना घरी येऊन रोख देण्याची सोय बँकांनी करावी, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगितलंय. आपल्या शाखेत ती आहे का, एवढं विचारून ठेवा. पावसाळ्यात कधी दोघंही आजारी असलात तर उपयोगी पडेल. पण त्यावर विसंबून आईचं जाणं थांबवू नका.

येत्या एक तारखेला कामवाल्या ताईंचा पगार द्यायचाय. ते पैसे आईने काढायचे. बाबा, तुम्ही बरोबर जा, काळा चष्मा लावून, पण काचेच्या दाराबाहेर थांबा. तिला वेळ लागला तरी आत जाऊ नका. तिकडून घंटाळीच्या देवळात जा, आणि घरी आल्यावर डब्यात पैसे आईच ठेवेल. मग मला फोन करा. मी त्या दिवशी सकाळी दहा ते बारा कसलंही काम ठेवलेलं नाही.

तुमची,
लेक