आधी विचारणाऱ्या प्रशिक्षकांना

प्रिय सर,

जाहीर कौतुक तुम्हाला आवडत नाही हे ठाऊक असूनही लिहिते आहे. पदकांसाठी तुमचे आभार मानणारे पुष्कळ आहेत. मला आभार मानायचे आहेत ते तुमच्या एका सवयीबद्दल: खेळाडूचं काही बिघडलं की तुम्ही आधी विचारायचात, सांगायचात नंतर.

८०० मीटरची शर्यत छळवादीच. पहिल्या फेरीत अंगात रग असते आणि शेवटच्या शंभर-दीडशे मीटरमध्ये पाय उचलेनासे होतात. तिथे मागे पडणाऱ्या मुलीला ‘दम नाही हिच्यात’ असं सगळ्यांदेखत सुनावणारे प्रशिक्षक मी पाहिलेत. तुम्ही मला केनियाचा धावपटू डेव्हिड रुडिशा याच्या वेळा लिहून दिल्यात. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये १ मिनिट ४०.९१ सेकंदांचा विश्वविक्रम करतानाही त्याची पहिली फेरी ४९.२८ सेकंदांची होती, दुसरी ५१.६३ ची. म्हणजे दुसऱ्या फेरीत तोही मंदावला होता. ‘किती मंदावायचं, एवढंच आपल्या हातात,’ असं म्हणून तुम्ही सरळ सरावाला लावलंत.

पण खरं ऋण त्या वाईट हंगामाचं. सराव तोच होता, मेहनत तीच होती, तरी वेळ घसरत चालली होती. जिने चढतानाही धाप लागायची. असं झालं की सहसा सराव वाढवला जातो, वजनावरून टोमणे मारले जातात. तुम्ही माझी सरावाची वही मागून घेतलीत. झोप, सकाळची नाडी, जेवण, सगळं वाचलंत. मग बाजूला बसवून, आढेवेढे न घेता, पाळी नियमित येते का ते विचारलंत आणि डॉक्टरांकडे पाठवलंत. हिमोग्लोबिन जेमतेम ठीक होतं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, मात्र तळाला गेला होता. शिवाय धावण्यात जेवढं खर्च होत होतं तेवढं मी खातच नव्हते. अशा ऊर्जेच्या तुटीने पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, हे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्येच सविस्तर मांडलं होतं. ते वाचलेले प्रशिक्षक किती, कोण जाणे. तुम्ही सराव निम्म्यावर आणलात, संघातली माझी जागा तशीच ठेवलीत, आणि इतरांना कारण सांगायचं की नाही हे माझ्यावर सोडलंत. हे शेवटचं मी कधीच विसरणार नाही.

मऊपणा म्हणाल तर तुमच्यात नावाला नव्हता. उशिरा येणाऱ्याला त्या दिवशी ट्रॅक बंद.

रिलेचंही सांगायलाच हवं. चार बाय चारशेमध्ये येणारी मुलगी थकून अडखळत येते, म्हणून बॅटन घेणारीने मागे बघून तिचा वेग जोखायचा असतो. अंतिम फेरीत नेमकी तिथेच बॅटन पडली. रडणाऱ्या दोघींकडे सगळे वळायच्या आत तुम्ही निवड समितीपुढे म्हणालात, ‘दमलेल्या पायांनी बॅटन बदलायचा सराव मी कमी घेतला.’ कर्णधार म्हणून मी काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होते. तुमचं वाक्य ऐकून तेवढंच संघाला सांगितलं आणि पुढच्या आठवड्यापासून तो सराव आम्हीच मागून घेतला.

आता लहान गटाच्या वह्या माझ्याकडे येतात. वेळ फार जातो, सर. तुम्ही एवढ्या सगळ्या कधी वाचायचात?

आणि वॉर्म-अपला हेडफोन चालणार नाहीत, हा तुमचा नियम मला अजूनही पटलेला नाही. भेटलो की भांडू.

तुमची,
तिसऱ्या लेनमधली