डब्यातली चिठ्ठी जरा लांबली आहे

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

सिडकोतून पंचवटीत यायला मला अर्धा तास लागतो, तरी पत्र लिहितेय. कारण तोंडी विषय काढला की बाबा, तुम्ही चक्कीचं बटण दाबता. पट्टा फिरला की बोलणं संपलं. त्यात आता तुम्हाला खरंच कमी ऐकू येतं, त्यामुळे बहिरेपण कुठलं आणि नाटक कुठलं तेही कळेनासं झालंय. कागदापुढे मात्र चक्कीचं काही चालत नाही.

विषय तोच. गिरणीच्या कागदांवर आईचं नाव.

परवा माळा आवरताना जुन्या उधारीच्या वह्या सापडल्या. 1989 पासूनच्या. पहिल्या पानावर श्री, त्याखाली भिशीचा हिशेब: तिसऱ्या नंबरला लागलेली भिशी, त्यातून सेकंडहँड चक्कीचा विसार, साडेसात एचपीच्या मोटारीचे पैसे, सुताराचे, वायरमनचे. भिशी आईची, अक्षर आईचं. पाटीवर नाव मात्र तुमचं, आणि त्याखाली प्रो. म्हणून पुन्हा तुमचंच!

तुमचे कष्ट मी विसरले असं समजू नका. दर आठ-दहा दिवसांनी रात्री दगड उघडून टाकी मारत बसलेले तुम्ही, पापण्यांवर पांढरं पीठ, आणि मला झोप यायची त्या ठकठकीवर. दुसऱ्याच्या गिरणीत हमाली करत शिकलेलं काम ते. दगडाचं सगळं तुमचं, त्याबद्दल वाद नाही. पण त्या दगडातून पडणारं पीठ हातात कोण घ्यायचं? आई गल्ल्यावरून उठायची, तोटीखाली हात धरायची, अंगठा आणि तर्जनीत पीठ चोळायची आणि म्हणायची, "गरम येतंय, पोळी चिवट होईल, दगड जरा सोडा." तुम्ही वैतागत दगड सोडायचात. गिऱ्हाईक टिकलं ते या दोन बोटांवर.

आणि उपवासाची चक्की? गव्हाच्याच चक्कीत मूठभर भगर फिरवून ती टाकून द्यायची आणि मग राजगिरा दळायचा, असं सगळेच करायचे. आईला ते पटेना. कडक एकादशी करणाऱ्या बायकांना आपण फसवतो, म्हणाली. तुम्ही म्हणालात, "महिन्यात दोन एकादश्या, त्यासाठी अख्खी चक्की?" शेवटी 1996 मध्ये ती छोटी चक्की आलीच, मागच्या खोलीत, धान्याचा कण आत जाणार नाही अशी. आज धंद्यातला मोठा भाग तिच्यावर उभा आहे. नवरात्रात आणि श्रावणात पुढची चक्की बंद ठेवावी लागते, माणूस पुरत नाही म्हणून.

2003 च्या सिंहस्थात धर्मशाळांत उतरलेले लोक यायचे. त्यांच्याकडे डबे कुठले असणार! तेव्हा आईने अर्ध्या किलोच्या पिशव्या भरायला सुरुवात केली. पिशवीचं तोंड हॅकसॉच्या ब्लेडवर दुमडायचं आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून एका झटक्यात फिरवायचं. जास्त वेळ धरलं तर भोक, कमी धरलं तर पीठ सांडलं. मी शाळेतून आले की माझ्या हातात ब्लेड. आपला पॅकिंगचा धंदा तिथून सुरू झाला. दादा लोकांना सांगतो तसा सीलिंग मशीन आल्यावर नाही.

आता जे सांगायचंय ते आईला आवडणार नाही.

2 ऑगस्ट 2016. गंगेला, आपल्या गोदावरीला, पूर आला, पात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला आणि आपल्या दुकानात छातीपर्यंत पाणी. चिखल आणि पिठाची लापशी झाली होती. ज्यांचं दळण वाहून गेलं त्यांना आईने वहीत बघून किलोकिलोने धान्य भरून दिलं. ओल्या वह्या तिने कपड्यांच्या तारेवर चिमटे लावून वाळवल्या, अजून त्यांना तो वास आहे. तुम्ही मोटार रिवाइंडिंगला घेऊन गेला होतात, म्हणून कर्जाचं विचारायला बँकेत ती एकटी गेली. बरोबर मी होते. साहेबाने कागद चाळले, मालक कोण ते पाहिलं आणि तिला विचारलं, "तुम्ही कोण?"

आई म्हणाली, "मी घरची."

सत्तावीस वर्षं गल्ल्यावर बसलेली बाई. तो काही वाईट बोलला नव्हता, कागदात होतं तेच त्याने वाचलं. घरी येताना रविवार कारंजापर्यंत आई एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या बाबांना सांगू नकोस." नऊ वर्षं नाही सांगितलं. आई, आज सांगितलं. चिडायचं तर माझ्यावर चीड.

मी दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब बघते, त्यामुळे काय करायचं ते मला ठाऊक आहे. दोघांची भागीदारी करायची, करारनामा करून नोंदवायची. भागीदारीला नवा पॅन लागतो. जीएसटी क्रमांकाच्या पोटात सध्या तुमचा पॅन आहे, म्हणून तोही नवा. खाद्य परवान्याचा, म्हणजे एफएसएसएआयचा, चौदा आकडी नंबरही आपल्याला भागीदारीच्या नावाने घ्यावा लागेल. इथे तुम्ही म्हणणार, छापलेल्या पिशव्यांचं काय? दादाकडून मोजून घेतल्यात. आषाढी आणि श्रावणात संपतील. तोवर थांबू, पण नव्या पिशव्या जुन्या नावाने छापायला टाकू नका.

आई, तू म्हणशील, "मला काय करायचंय नाव?" तुला नसेल करायचं. पण तुझ्या नावावर आजवर एक पावती फाटलेली नाही, एक रिटर्न भरलेलं नाही, आणि उद्या काही झालं तर दुकानाच्या कागदात तू "घरची"च राहशील. ते मला नको आहे. पाटीचं तुम्ही दोघं ठरवा, त्यात मी पडत नाही. रंगारी मात्र तोच बोलवा, त्याचा "ळ" छान येतो.

कराराचा मसुदा सोबत आहे. बाबा, चष्मा लावून वाचा. सह्या आत्ता नकोत, दोघांनी वाचल्यावर करू. हिस्सा निम्मा-निम्मा लिहिलाय. आईचा जास्त हवा असं माझं मत होतं, पण तेवढं तुमच्यासाठी सोडलं.

हे सगळं आपल्या नेहमीच्या डब्यात, गव्हावर ठेवतेय. पाच किलो लोकवन आहे, पोळीचं, बारीक. डबा उद्या संध्याकाळी न्यायला येते.

तुमची,
धाकटी