सूचना : ‘फ्लॅश प्लेअर अपडेट करा’ अशी चौकट आली तर

कोथरूड गटातील सर्व सभासदांना,

ही चौकट दिसली तर कृपया क्लिक करू नका. अ‍ॅडोबीने फ्लॅशचा (वेबसाइटवरचे व्हिडिओ, गेम चालवणारं जुनं सॉफ्टवेअर) सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० लाच बंद केला. आज दिसणारं असं प्रत्येक अपडेट खोटंच समजा.

ब्राउझर अडकत असेल तर तीच साइट इन्कॉग्निटो (खासगी) विंडोत उघडून पाहा. तिथे नीट चालली, तर दोष बहुधा एखाद्या एक्स्टेन्शनचा, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या जादा प्रोग्रॅमचा; इन्कॉग्निटोत ती सहसा बंद असतात. सगळी बंद करून एकेक चालू करत जा.

‘दुरुस्त करून देतो’ म्हणणारं फुकटचं एक्स्टेन्शन मात्र नकोच. सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचायची परवानगी दिली, की बँकेचं पानही त्याला दिसतं! पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. अडलं तर आधी गटात विचारा, कितीही वेळा.