शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र : नळाला पाणी नव्हतं, म्हणून फोटो काढला नाही

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात गोदाकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर शिकवते. नोकरीला 14 वर्षं झाली. नाव लिहीत नाही, त्याचं कारण आपल्या खात्यात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. आपला वेळ मोलाचा आहे हे जाणते, तरी हे पत्र शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि त्याच दिवशी माझ्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. 15 ऑक्टोबरच्या हात धुवा दिनाचा फोटो मुदतीत अपलोड केला नाही, हा माझा कसूर. सप्टेंबरच्या पुरात गावच्या नळयोजनेची पाइपलाइन वाहून गेली. शाळेच्या नळाला तेव्हा थेंब नव्हता, आजही नाही. शेजारच्या शाळेवरचे सर चांगल्या मनानं म्हणाले, "मॅडम, लेकरं ओळीनं उभी करा, कोरडे हात चोळायला लावा. फोटोत काय कळायलंय?"

मी ते केलं नाही. कारण फोटोत काय कळतं आणि काय कळत नाही, हेच तर मी गेली दोन वर्षं तिसरी-चौथीच्या लेकरांना शिकवते आहे.

माझ्याकडे एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात चित्रं आहेत. जुन्या कॅलेंडरवरची लक्ष्मी, कुणाच्या तरी लग्नातला फोटो, आधार कार्डाची झेरॉक्स, गावचा नकाशा, ट्रॅक्टरची जाहिरात, कपाशीच्या बियाण्याचं रिकामं पाकीट. आठवड्यातून एकदा पेटी उघडायची आणि एकेका चित्राला प्रश्न विचारायचे. हे हातानं काढलंय की कॅमेऱ्यानं? कुणी केलं? कशासाठी केलं? हे बघून आपण काय करावं, असं त्याला वाटतं? बियाण्याच्या पाकिटावरची बोंडं बघून चौथीतलं एक पोरगं म्हणालं, "मॅडम, असली बोंडं आमच्या रानात एकदाबी आली न्हाईत. ह्ये फोटू न्हाई, ही जाहिरात हाय." त्याच्या बापानं त्या पाकिटावर विश्वास ठेवून दोन वर्षं कर्ज काढलं होतं. नऊ वर्षांच्या पोराला जे कळलं, ते त्याच्या बापाला शाळेत कुणी सांगितलंच नव्हतं.

एकदा अजिंठ्याच्या पद्मपाणीचं छापील कार्ड दाखवलं. "हे काय आहे?" सगळे ओरडले, फोटो. एक मुलगी गप्प होती. जरा वेळानं म्हणाली, "फोटू हाय, पण चित्राचा फोटू हाय." साहेब, त्या एका वाक्यावर आमच्या तीन तासिका गेल्या. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी लेण्याच्या भिंतीवर कुंचल्यानं ते काढलं, आपल्या काळात कुणीतरी त्याचा फोटो घेतला, कुणीतरी तो छापला. मग आपण नक्की कोणाचं बघतोय? तिसरीची लेकरं यावर भांडली.

हलणारं चित्र कसं होतं, ते आम्ही पाठकोऱ्या वहीच्या कोपऱ्यावर शिकलो. प्रत्येक पानावर उडी मारणारा बेडूक जरा जरा पुढं काढायचा आणि अंगठ्यानं पानं फर्रकन सोडायची. बेडूक उडाला तेव्हा वर्गात जो गलका झाला, तो मी जन्मभर विसरणार नाही. सिनेमात एका सेकंदाला अशी 24 चित्रं डोळ्यांसमोरून जातात, हे मग सांगावं लागलं नाही, त्यांनीच विचारलं. दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचं रोप वाढताना थोडं थोडं टिपून ते पडद्यावर वाढवून दाखवलं होतं. आम्ही चहाच्या कपात मूग लावला आणि माझ्या फोनवर 15 दिवस रोज एक फोटो घेतला. पैठण आमच्यापासून लांब नाही. तिथलं नाव लावलेली चित्रकथींची चित्रं देशोदेशीच्या संग्रहालयांत आहेत. एकेक चित्र पुढं धरून रामायण सांगणारी ती माणसं याच मातीतली. आमच्या लेकरांनी त्यातलं एकही चित्र पाहिलेलं नाही. मी पाहिलं ते फोनवर.

ही पेटी गेल्या वर्षी जूनमध्ये एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी पाहिली. फार खूश झाले. सगळ्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटातल्या, शाळांना अशा पेट्या देऊ, शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊ, वेळापत्रकात तासिका धरू, असं सगळ्यांसमोर बोलले. पेटी हातात धरून त्यांनी फोटो काढून घेतला. त्या फोटोपलीकडे काही झालं नाही. तीन अर्ज दिले, एकाचीही पोच नाही. रंगीत प्रिंट तालुक्याला 10 रुपयांना एक मिळते. आजवर 3200 रुपये माझ्या पगारातून गेले. पैशाचं दुःख नाही. या जुलैपासून सर्वेक्षणं, ऑनलाइन माहित्या आणि फोटो यांच्यापायी पेटीची तासिकाच बंद पडली, याचं आहे.

आणि मग सप्टेंबर आला. नाथसागराचे, म्हणजे जायकवाडी धरणाचे, दरवाजे उघडलेले, गोदाकाठाला इशारा दिलेला, वीज गेलेली. रात्री साडेदहाच्या सुमारास माझ्याच वर्गातला तिसरीचा मुलगा बापाचा फोन घेऊन आमच्या दारात आला. "मॅडम, धरण फुटायलंय!" फोनवर धरणाची भिंत फुटताना दिसत होती, पाण्याचा डोंगर अंगावर येत होता. मी फोन हातात घेईपर्यंत माझ्या सासूबाई उठून बाहेर पळाल्या. 71 वर्षांचं वय, अंधार, निसरडी पायरी. खुब्याचं हाड मोडलं. रस्ता पाण्याखाली होता, सकाळपर्यंत त्या ओसरीवर कण्हत पडून होत्या आणि मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. आज त्या अंथरुणावर आहेत. त्यांचं सगळं उरकून मी 22 किलोमीटर स्कूटीवरून शाळेला जाते, कारण त्या रात्रीनंतर आम्हाला तालुक्याला खोली घ्यावी लागली.

व्हिडिओ खोटा होता. आठ दिवसांनी शाळा भरली तेव्हा चौथीतल्या त्याच मुलीनं, चित्राचा फोटो ओळखणारीनं, तो पुन्हा पाहिला आणि बोट ठेवलं, "मॅडम, ह्या पाटीवरची अक्षरं अक्षरंच न्हाईत." खरंच नव्हती. मशीननं बनवलेल्या त्या चित्रात अक्षरांसारखे दिसणारे नुसते फराटे होते. तिनं पेटीच्या तासिका केल्या होत्या. जो मुलगा फोन घेऊन पळत आला, तो यंदा वर्गात आला आणि त्याच्या वाट्याला एकही तासिका आली नाही. त्याला मी काय रागावू? तो आजही माझ्याकडे मान वर करून बघत नाही.

साहेब, हे एका म्हातारीच्या पडण्यावर थांबत नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाची 5 माणसं जमावानं ठेचून मारली. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा होती. भिक्षा मागायला आलेली गरीब माणसं ती. त्याच सुमारास देशभर एक क्लिप फिरत होती, मोटरसायकलवरचे दोघं रस्त्यातून मूल उचलून नेतात. ती कराचीतली जनजागृतीची जाहिरात होती. शेवटी ते मूल परत आणून सोडतात. कुणीतरी तो शेवटच कापला आणि जाहिरातीची बातमी झाली. जाहिरात कोणती, बातमी कोणती, सोंग कोणतं, हे ओळखणं ही श्रीमंतांच्या शाळेतली चैन आहे, असं आपल्या खात्यात कुणाला वाटत असेल तर त्यानं राईनपाड्याला जाऊन यावं. केरळात कन्नूर जिल्ह्यात त्याच 2018 साली जिल्हाधिकाऱ्यांनी सरकारी शाळांतून खोट्या बातम्या ओळखायला शिकवलं. तिथं होतं. मग इथंच का होत नाही?

पहिलीच्या वर्गात आम्ही चित्रवाचन घेतो. चित्र पाहा आणि सांगा. काय दिसतं ते सांगितलं की संपलं. ते चित्र कुणी आणि कशाला केलं, हा प्रश्न मूल्यमापनाच्या कुठल्याच रकान्यात नाही. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेत तिसरीपर्यंत वाचता आलं पाहिजे म्हणून आमच्यामागे तगादा आहे, आणि तो योग्यच आहे. पण आमची लेकरं अक्षराच्या आधी फोन वाचतात. दोन वर्षांचं पोर बोटानं व्हिडिओ सरकवतं. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्यात 60 पटापर्यंत 2 शिक्षक, आणि कलेचा शिक्षक सहावीच्या पुढं, तोही अंशकालीन, तोही पट 100 च्या वर असेल तर. म्हणजे आमच्या वाडीवस्तीवरच्या पाचवीपर्यंतच्या लेकरानं चित्राचं काही शिकायचंच नाही का? त्याच कायद्याचं कलम 27 सांगतं की जनगणना, निवडणूक आणि आपत्तीनिवारण सोडून शिक्षकाला दुसरं काम देऊ नये. हे फोटो यातल्या कशात बसतात?

कारण मूळ दुखणं इथं आहे. तुमचं सगळं खातंच फोटोवर चालतं. झाड जगलं की नाही कुणी विचारत नाही, लावतानाचा फोटो पाहिजे. खिचडी लेकरांच्या पोटात किती गेली विचारत नाही, ताटाचा फोटो पाहिजे. मराठवाड्याला 1948 पासून अशीच आश्वासनं मिळत आली, नारळ फोडतानाचे फोटो वर्तमानपत्रात आणि नळ कोरडे. लेकरं हे सगळं बघतात, साहेब. पाणी नसताना हात धुताना हसायचं, हे त्यांना शाळा शिकवते, आणि मग फोनवर खोटं बघितल्यावर ओळखा म्हणून मी कोणत्या तोंडानं सांगू?

मला पेटी द्या म्हणत नाही, माझ्याकडे आहे. पहिली ते पाचवीला आठवड्यातून एक तासिका द्या, तिला नाव द्या, म्हणजे ती सर्वेक्षणाला कुणी कापणार नाही. प्रत्येक केंद्रात वीस-पंचवीस चित्रांचा एक छापील संच द्या आणि तो कसा वापरायचा हे वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाकडून शिकवून घ्या. आणि हे रोजचे फोटो बंद करा. एवढं तरी करा.

नोटिशीचा खुलासा सोमवारी द्यायचा आहे. तो लिहून झाला. "नळाला पाणी नव्हतं, म्हणून फोटो काढला नाही." त्याला शाळेच्या नळाचा फोटो जोडला आहे, चौथीतल्या त्या मुलीनं काढलेला. मागं तिनंच पेन्सिलनं लिहिलं आहे, कुणी काढला, कधी काढला आणि कशासाठी.

आपली,
गोदाकाठची एक प्राथमिक शिक्षिका