पार्किंगमधल्या ट्यूबा उडायची वाट बघू नका

महोदय, सप्रेम नमस्कार,

वीजबिल वाढलं, दर वाढले अशी पत्रं तुमच्या सदरात सारखी येतात आणि ती काही खोटी नसतात, पण दर ठरवतो वीज नियामक आयोग, तिथे तुमचं-माझं काय चालणार, आपल्या हातात असतं ते एवढंच की मीटर किती पळवायचा. त्यावर कोणी फारसं लिहीत नाही म्हणून म्हटलं आपणच लिहावं. एलईडी लावा हे सांगायला मी लिहीत नाहीये, ते आता शेंबडं पोरगंही सांगेल. कुठला दिवा आधी बदलायचा आणि कधी बदलायचा, घोळ तिथे होतोय.

आपली पुणेरी काटकसर अशी की चालतंय ना, मग चालू द्या, उडाला की बघू. सोसायटीच्या मीटिंगमध्ये जिन्यातल्या आणि पार्किंगमधल्या ट्यूबलाईटचा विषय निघाला की हमखास हेच ऐकायला मिळतं, "अहो चांगल्या चालू ट्यूबा फेकून देता का, पैसे काय झाडाला लागलेत?" आता जुनी 40 वॉटची ट्यूब, वर तो जडशीळ जुना चोक, तो स्वतः 10-12 वॉट खातो, म्हणजे झाले 50. तेवढाच उजेड देणारी एलईडी पट्टी 20 वॉटची. फरक 30 वॉटचा. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा जळते धरलं तर वर्षाला एका ट्यूबमागे 130 युनिट जास्त जातात. सगळे आकार मिळून युनिट 10 रुपयाला पडतं असं पकडा, तर ती "फुकट चालू असलेली" ट्यूब तुम्हाला वर्षाला 1300 रुपयांना पडतेय आणि नवी पट्टी दुकानात अडीचशे-तीनशेला मिळते. बारा ट्यूबांच्या बिल्डिंगला महिन्याला 1300 रुपये वाचतात, म्हणजे पट्ट्यांचा खर्च तीन महिन्यांत वसूल. ट्यूब उडायची वाट बघत बसणं हीच खरी उधळपट्टी आहे, पण हे मीटिंगमध्ये बोलायला गेलं की लोक चहा-बिस्किटाकडे बघायला लागतात.

आणि त्यात पुन्हा वॉचमनने दिवे बंद केले नाहीत की सकाळी दहा वाजेपर्यंत लख्ख उन्हात पार्किंग उजळलेलं! त्याच्यावर डाफरण्यापेक्षा एक टायमर बसवून टाका, जिन्यात सेन्सरचे दिवे लावले तर अजून बरं, माणूस आला की लागतात, गेला की बंद.

घरातही तेच. दिवा किती वॉटचा हे सगळे बघतात, किती तास जळतो ते कोणी बघत नाही. बाथरूममध्ये समजा अजून 60 वॉटचा पिवळा बल्ब आहे आणि तो दिवसाला अर्धा तास लागतो, तर महिन्याला एक युनिटसुद्धा होत नाही, राहू दे त्याला. पण बेडरूममधला जुन्या पद्धतीचा झिरोचा बल्ब 12 ते 15 वॉट घेतो आणि रात्रभर जळतो, तो महिन्याला चार-साडेचार युनिट खातो, म्हणजे त्या 60 च्या बल्बच्या चौपट-पाचपट! देवघरातला तसलाच लाल बल्ब चोवीस तास असेल तर साडेआठ ते पावणेअकरा युनिटपर्यंत गेला. त्याजागी अर्ध्या-एक वॉटचा एलईडी मिळतो, देवालाही चालतो. स्वयंपाकघरात पाच तास जळणारा 60 चा बल्ब महिन्याला 9 युनिट घेतो, तिथे 9 वॉटचा लावला की सव्वा-दीड युनिटवर येतं. आधी हे बदला, बाथरूमचं नंतर बघू. (पंखा हा तर वेगळाच विषय, जुना पंखा 75 वॉट, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, 30 च्या आसपास, पण तो महाग असतो म्हणून जो पंधरा-सोळा तास फिरतो तेवढाच बदलावा.)

अजून एक, आपल्याकडे घरगुती बिल स्लॅबने लागतं, पहिली 100 युनिटं स्वस्त आणि 101 पासून दर दुपटीच्या घरात. वाचलेलं युनिट वरच्या महागड्या स्लॅबमधून कमी होतं, त्यामुळे ज्यांचं बिल 120-130 युनिटचं येतं त्यांना वीस-पंचवीस युनिट वाचली तरी बिलात चांगला फरक दिसतो.

आता लोक म्हणतात एलईडी टिकत नाही. टिकत नाही कारण तापकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, जाऊन सगळ्यात स्वस्त कुठला ते विचारायचं, खोक्यावर काय लिहिलंय ते वाचायचं नाही आणि बिलही घ्यायचं नाही. खोक्यावर नुसते वॉट नको, ल्युमेन बघा, उजेड त्यात मोजतात, चांगला 9 वॉटचा बल्ब 900 च्या आसपास देतो. बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) आर-ने सुरू होणारा नंबर आणि बीईईचे (सरकारच्या ऊर्जा बचत खात्याचे) स्टार आहेत का बघा, वॉरंटीसाठी पावती जपून ठेवा. बहुतेक वेळा एलईडी जातच नाही, त्याला बेताची वीज पुरवणारं आतलं ड्रायव्हर सर्किट उष्णतेने जातं, म्हणून काचेच्या बंद गोळ्यात कोंबू नका. किंमतीचं म्हणाल तर सरकारला 2014 मध्ये घाऊक खरेदीत जो बल्ब 310 रुपयांना पडत होता तोच उजाला या स्वस्त एलईडी वाटायच्या सरकारी योजनेत 2016 पर्यंत 38 रुपयांवर आला होता, तेव्हा महाग आहे ही सबब आता जुनी झाली.

पांढऱ्या उजेडात घर दवाखान्यासारखं वाटतं ही आमच्या वाड्यातून फ्लॅटमध्ये आलेल्या मंडळींची तक्रार मात्र मला शंभर टक्के पटते. त्यांनी वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर उजेडाचा, मागावा, त्यावर 2700 किंवा 3000 केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलेलं असतं, वीज तेवढीच लागते.

सोसायट्यांची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तेव्हा या वर्षी कॉमन मीटरचं वर्षभराचं बिल सभेपुढे ठेवा आणि ट्यूबा बदलायचा ठराव मिनिट्समध्ये घालून घ्या. काढलेल्या ट्यूबा आणि जुने सीएफएल यांत पारा असतो, ते फोडून ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, खोक्यात नीट बांधून ई-कचऱ्यात द्या, आणि जुने चोक भंगारवाल्याच्या हाती लागू न देता तेही त्याच्याबरोबरच पाठवा.

एक वाचक,
कोथरूड, पुणे