"किती जणांना ख्रिस्ती केलंत?"

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

३० जानेवारीला आमच्या गावच्या शाळेत कुष्ठरोगाविषयी बोलायला मला बोलावलं होतं. एका मिशनच्या कुष्ठरोग रुग्णालयात मी ३१ वर्षं परिचारिका होते. बोलणं संपल्यावर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी अगदी शांतपणे विचारलं, "सिस्टर, एवढ्या वर्षांत किती जणांना ख्रिस्ती केलंत?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे मला वाईट वाटलं नाही, पण उभ्या उभ्या नीट उत्तरही देता आलं नाही. हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो, म्हणून आपल्या पत्रामार्फत उत्तर देते.

कुष्ठरोगात मज्जातंतू बधिर होतात. पायात काटा मोडला, चुलीचा निखारा लागला, तरी कळत नाही. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते. बोटं "झडतात" असं आपण म्हणतो, पण रोग बोटं खात नाही, न कळलेल्या जखमा खातात. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. पॉल ब्रँड यांनी हे चिकाटीने शोधून काढलं. रुग्णांची बोटं रात्रीतून कमी होतात ती कशाने, हे पाहायला पहारा ठेवला तेव्हा कळलं की झोपेत उंदीर कुरतडत होते आणि माणसाला जागही येत नव्हती. मग रुग्णांना मांजरं पाळायला दिली. हे वाचलं तेव्हा मी नर्सिंगला होते. माणसाच्या दुःखाकडे इतकं जवळून बघायचं असतं, हे मला तिथे कळलं.

आमचं रोजचं काम म्हणजे पाय धुणं. पाणी साधं घ्यायचं, गरम नाही, कारण भाजलं तरी रुग्णाला समजणार नाही. वीस मिनिटं पाय भिजवायचे, घट्टे खरखरीत दगडाने हलके घासायचे, ओल्या पायावर तेल लावायचं, बोटांच्या बेचक्यांत बघायचं, मग ड्रेसिंग. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, तो प्रसंग मी लहानपणापासून दर गुरुवारी नाही, पण दर पवित्र गुरुवारी नक्की ऐकत आले. त्याचा अर्थ मात्र वॉर्डातल्या घमेल्यापाशी बसून कळला. पहिल्या महिन्यात माझा हात अडखळला होता. एका आजीने ते ओळखलं आणि पाय मागे ओढून म्हणाली, "राहू दे बाई, माझ्या लेकीनंही सोडलं." तो ओढलेला पाय मी आजवर विसरले नाही.

आता मूळ प्रश्न. शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. दहाही बरे झाले, आभार मानायला एकच परत आला, तोही परका, शोमरोनी. येशूने बाकीचे नऊ कुठे आहेत असं विचारलं खरं, पण त्यांचं बरं होणं काढून घेतलं नाही. मला वाटतं, ख्रिस्ती सेवेचा हिशेब इथेच मिटतो. जो परत येण्याच्या अटीवर औषध देतो, तो सौदा करतो.

आयरिश गृहस्थ वेलस्ली बेली १८६९ साली अंबाल्याला कुष्ठरोग्यांच्या झोपड्या बघून हलले आणि १८७४ साली डब्लिनमध्ये त्यांनी या कामाची संस्था उभी केली. मिशनची कुष्ठरोग रुग्णालयं आपल्याकडे अमरावती जिल्ह्यातल्या कोठाऱ्याला आहेत, मिरजेला आहेत. लक्षात घ्या, डॅप्सोनसारखं खरं औषध १९४०नंतर आलं. म्हणजे त्याआधीची सत्तर वर्षं ही मिशनची माणसं बरं न होणाऱ्यांची शुश्रूषा करत होती. देण्यासारखं होतं ते छप्पर, भाकरी आणि स्पर्श.

त्या काळातलं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. जुन्या आश्रमांत नवराबायकोला वेगळं ठेवत, मुलांना आईबापांपासून दूर करत. तो अन्याय होता. आणि आजही आमच्या काही चर्चमंडळ्यांत बाप्तिस्म्यांचे आकडे मोठ्या अभिमानाने वाचतात, तेव्हा मला मान खाली घालावीशी वाटते. माझ्याच लोकांना माझं हे सांगणं आहे की माणसाकडे जा ते त्याला पाय आहेत म्हणून, त्याची नोंद करायची आहे म्हणून नव्हे. कुणी विचारलं की हे का करता, तर येशूचं नाव जरूर घ्या, लपवू नका. मीही लपवलं नाही. पण कुणी विचारायच्या आधी घमेलं भरा. हे प्रेम आमच्या एकट्याच्या मालकीचं नाही, हेही मी बाबा आमट्यांचं आनंदवन आणि शिवाजीराव पटवर्धनांचं अमरावतीचं तपोवन पाहून शिकले.

काम संपलेलं नाही. २००५च्या अखेरीस दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरले म्हणून देशपातळीवर निर्मूलन जाहीर झालं आणि लोकांना वाटलं, रोगच गेला. देशात अजूनही वर्षाला लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. अंगावर बधिर चट्टा असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. गोळ्या फुकट मिळतात, सहा किंवा बारा महिने घ्यायच्या. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं, ते २०१९ साली काढलं. घरातून मात्र अजून निघालेलं नाही.

त्या गृहस्थांना आकडा हवा होता. माझ्या हातून ख्रिस्ती झालेला एकही माणूस मला आठवत नाही. एक वारकरी बाबा आठवतात. त्यांच्या उजव्या पायाची जखम मी अकरा महिने बांधली. बरे झाल्यावर मऊ रबराच्या चपला घालून ते दर आषाढीला पंढरपूरला जातात. पायी नाही, मी जाऊ देत नाही, एसटीने. परतताना वाकडी वाट करून माझ्याकडे येतात, चुरमुरे-बत्तासे देतात, आणि मी घमेल्यात पाणी घेते तोवर चपला काढून बसतात.

आपली,
एक निवृत्त परिचारिका