तुझा आकडा किती?

महोदय,

भोसरीच्या एका बॅटरी कारखान्यात मी 26 वर्षं काढली, त्यातली बरीचशी ग्रिड कास्टिंगला, म्हणजे वितळलेलं शिसं ओतून बॅटरीच्या जाळ्या बनवायला. आमच्या गल्लीतला एक पोरगा नुकताच ठेकेदारामार्फत दुसऱ्या एका कारखान्यात पेस्टिंगला, म्हणजे त्या जाळ्यांवर शिशाचा लगदा भरायला लागलाय. रक्त तपासतात का रे, असं विचारलं तर म्हणाला, "काका, बीपी-शुगर बघतात, छातीचा फोटो काढतात." छातीच्या फोटोत रक्तातलं शिसं कसं दिसणार? आणि हा शिशाची धूळ बसलेले कामाचे कपडे घरी आणून धुतो. घरात दोन वर्षांची मुलगी.

आमचं शिसं मोजायचे. शिफ्ट सुटताना रक्त घ्यायचे, रजिस्टरवर सही. आकडा विचारला की कंपाउंडर म्हणायचा, "ठीक आहे, गूळ खात जा." गुळाने शिसं उतरतं असं आम्हीही धरून चाललो होतो! एकदा मला अचानक पॅकिंगला टाकलं. कारण कुणी सांगितलं नाही, कास्टिंगचा भत्ता मात्र त्या दिवसापासून बंद. दोन महिन्यांनी पुन्हा भट्टीवर. पुढे युनियनच्या खटपटीने जुनी नोंद बघायला मिळाली: 100 मिली रक्तात 58 मायक्रोग्रॅम. त्याच वर्षी, शिसं अंगात गेल्यावर येतो तसा पोटात मुरडा येऊन मी दोनदा रात्रपाळी अर्धवट टाकून घरी आलो होतो, आणि बायकोने ओव्यावर भागवलं होतं.

रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, म्हणून पॅकिंगला बसवलं की आकडा सुधारतो. हाडांत मुरलेलं मात्र वर्षानुवर्षं तिथेच राहतं. भत्ता जातो म्हणून आमच्यातले दोघं-तिघं तपासणीच्या दिवशी हटकून रजा टाकायचे. त्यांना दोष कसा द्यायचा? अमेरिकेत 1978 च्या नियमानुसार आकडा 60 वर गेला तर कामगाराला शिशापासून दूर ठेवतात, पण कमाई कापत नाहीत.

आपल्याकडेही 1987 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन अशा कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणं आणि त्या त्यांना बघू देणं मालकावर बंधनकारक झालं. आम्हाला हे कळलं निवृत्तीच्या तोंडावर. आता नव्या कामगार संहितेत वर्षातून एकदा मोफत तपासणी आहे. पण ती बीपी-शुगरवर आटोपली तर शिशाच्या कामगाराला तिचा काय उपयोग?

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या अधिकाऱ्यांना एकच विनंती. भेटीला गेल्यावर रजिस्टर बघाच, पण पेस्टिंगवरच्या एखाद्या कंत्राटी पोराला बाजूला घेऊन "तुझा आकडा किती?" एवढंही विचारा.

– एक निवृत्त बॅटरी कामगार, भोसरी